बाबांची पैज आणि 2028

डे मॉइन, आयोवा
8 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आमराईतल्या तुमच्या मंडळींची पैज ऐकून हसू आवरेना. 2028 च्या निवडणुकीत ट्रम्प यांच्यानंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कोण, यावर प्रत्येकाचा वेगळा घोडा, आणि हरेल त्याने सगळ्यांना भडंग-चहा! फोनवर सांगितलं तर निम्मं तुम्ही विसरता आणि निम्मं पदरचं घालता (हे आईचं म्हणणं, माझं नाही). म्हणून तुमच्या हुकुमाप्रमाणे लिहूनच पाठवते. सकाळी फिरून झालं की खुशाल वाचून दाखवा.

जोशीकाकांचा घोडा पहिल्यांदा बाद. "ट्रम्पच तिसऱ्यांदा येणार" असं ते कितीही ठासून सांगोत. रूझवेल्ट चार वेळा निवडून आले, त्यानंतर इथल्या लोकांनी धसका घेऊन 1951 साली 22वी घटनादुरुस्ती लागू केली. राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येता येतं. ट्रम्प 2016 आणि 2024 ला आले, संपलं. ती दुरुस्ती काढायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि वर 50 पैकी 38 राज्यांची मंजुरी लागते. सध्या इथे 38 राज्यांचं कशावरच एकमत होत नाही.

न्यूयॉर्कचे नवे महापौर ममदानी, हा दुसरा घोडा. तोही बाद, कारण त्यांचा जन्म युगांडातल्या कंपालाचा. इथे जन्माने नागरिक असावं लागतं, वय किमान 35 आणि 14 वर्षांचं वास्तव्य. याच नियमात तुमचे लाडके श्री ठाणेदारही अडकतात. चिकोडीला जन्म, बेळगावात वाढले, मराठी आपल्यासारखीच बोलतात, 2022 साली डेट्रॉइटमधून इथल्या प्रतिनिधीगृहात निवडून आले. मिरजेपासून हाकेच्या अंतरावरचा माणूस, तुम्हाला वाटणारच. पण ते राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत. एक गंमत मात्र मंडळींना जरूर सांगा. 2018 साली ठाणेदार मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीत, स्वतःचे लाखो डॉलर ओतून उतरले आणि हरले. ती फेरी जिंकलेल्या ग्रेचेन व्हिटमर यांचं नाव आज 2028 च्या यादीत घेतात.

आता तुमचे "आंध्रचे जावई". उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी उषा यांचं माहेर मूळचं तेलुगू, गेल्या एप्रिलमध्ये ते मुलांबाळांसह दिल्ली-जयपूर-आग्रा करून गेले, तेव्हापासून तुमच्या मनात त्यांच्याबद्दल पाझर फुटलाय. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी आजच्या घडीला त्यांच्याच पदरात पडेल असं मलाही वाटतं. परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी तर व्हान्स उभे राहिले तर आपण पाठिंबा देऊ, असं सांगूनही टाकलंय. पण उमेदवारी वेगळी आणि खुर्ची वेगळी. उपराष्ट्राध्यक्ष असताना थेट निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष होणं इथे फार दुर्मीळ आहे. 1988 साली थोरल्या बुश यांना ते जमलं, त्याआधी 1836 साली व्हॅन ब्युरेन यांना. मधल्या काळात आणि नंतरही निक्सन, हम्फ्री, गोर, हॅरिस सगळे त्या पायरीवर घसरले. कारभाराचा राग मतदार त्यांच्यावर काढतो आणि श्रेय मात्र वरच्याला देतो. शिवाय बाबा, जावई म्हणून आपल्याकडे मायेने बघतील ही आशा सोडा. एच-वन-बी, म्हणजे इथे नोकरीला येणाऱ्यांच्या व्हिसावर त्यांनी काय तोंडसुख घेतलंय ते तुम्ही ऐकलेलं नाही.

डेमोक्रॅट लोकांकडे म्हणाल तर मांडवात गर्दीच गर्दी. कॅलिफोर्नियाचे न्यूसम, इलिनॉयचे प्रित्झकर, पेनसिल्व्हेनियाचे शापिरो, केंटकीचे बशीर हे चार गव्हर्नर, शिवाय माजी वाहतूकमंत्री बुटिजेज, खासदार ओकासिओ-कोर्टेझ, आणि पुन्हा एकदा माजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस. तुमच्या यादीतले खासदार रो खन्नाही. ते फिलाडेल्फियात जन्मले, त्यामुळे त्यांना नियमाची आडकाठी नाही.

पण हे सगळं आत्ता बोलणं म्हणजे हवेतल्या गप्पा, आणि हे मी आयोवात राहून बघितलेलं आहे. आमच्या या मक्याच्या राज्यात माणसं जेमतेम 32 लाख, पण वर्षानुवर्षं उमेदवार निवडीची पहिली फेरी इथेच व्हायची. (डेमोक्रॅट पक्षाने 2024 ला तो मान साउथ कॅरोलिनाला दिला, त्याचा राग इथले शेजारी अजून काढतात.) त्यामुळे वर्ष-दीड वर्ष आधीपासून मोठमोठी माणसं इथे दारोदार फिरतात. ऑगस्टमध्ये राज्याची जत्रा भरते, तिथे लोण्याची अख्खी गाय करून ठेवतात आणि भावी राष्ट्राध्यक्ष काडीला खोचलेलं मांस खात फोटो काढून घेतात. 2015 च्या जत्रेत ट्रम्प हेलिकॉप्टर घेऊन आले आणि पोरांना चकरा मारून आणल्या. तुमचे खरे जावई, म्हणजे आमचे हे, बघून आले आणि पोट धरून हसत होते. इथले जाणतेही हसत होते, कारण त्या वर्षी सगळा पैसा थोरल्या बुश यांचे चिरंजीव जेब बुश यांच्यामागे होता. जेब बुश यांचं नाव आज तुमच्या कट्ट्यावर कुणाला आठवतं का विचारा.

2020 च्या फेब्रुवारीत मी शेजारणीबरोबर नुसती बघायला म्हणून कॉकसला, म्हणजे उमेदवार निवडायच्या सभेला, गेले. शाळेच्या जिममध्ये मांडामांड. गुप्त मतदान काही नाही, ज्याचा उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ज्या कोपऱ्यात 15 टक्केही माणसं भरली नाहीत, ती माणसं मोकळी होतात, मग बाकीचे त्यांना ओढायला धावतात. कुणी बिस्किटं देतंय, कुणी "अहो, आपली मुलं एका वर्गात" म्हणून गळ घालतंय. ग्रामपंचायतीच्या सरपंचनिवडीची आठवण व्हावी असा गोंधळ. आमच्या शाळेत बायडेन यांचा कोपरा भरलाच नाही. त्यांच्याकडची वयस्कर मंडळी निमूट उठून बुटिजेज यांच्याकडे गेली. राज्यभरात बायडेन चौथे आले, पुढे न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे. त्यांचं आटोपलं असं सगळी वर्तमानपत्रं लिहीत होती. महिनाअखेरीस साउथ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना उचललं आणि नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणून म्हणते, पावणेतीन वर्षं आधी छातीठोक नाव सांगणाऱ्याला पहिली भडंग द्यायला लावा.

तरी पैज आहे म्हणजे काहीतरी सांगायला हवंच. माझा कौल एखाद्या गव्हर्नरला. कार्टर, रेगन, क्लिंटन, धाकटे बुश, सगळे आधी गव्हर्नर होते. त्यातही शापिरो. जिंकायला राज्याराज्यांत वाटलेल्या 538 मतांपैकी 270 लागतात, त्यातली पेनसिल्व्हेनियाची 19, आणि 2008 पासून ते राज्य ज्याचं, राष्ट्राध्यक्षपद त्याचं. पण आधी त्यांना यंदाच्या नोव्हेंबरात स्वतःचं राज्य राखावं लागेल. माझं नाव सांगून लावू नका, हरलात तर भडंगेचे पैसे माझ्याकडे मागाल.

आई, तू मात्र फोनवर एवढंच विचारलंस, "कोण आला म्हणजे तुमचं ग्रीन कार्ड होईल?" खरं सांगू, कुणीही आला तरी त्याच्या हातात ते नाही. नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार ग्रीन कार्डं, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली 7 टक्केच, हा 1990 चा कायदा. आइसलँडला जी मर्यादा तीच भारताला. 2019 साली प्रतिनिधीगृहाने ही मर्यादा काढायचं विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केलं, दोन्ही पक्षांनी मिळून. सिनेटनेही, म्हणजे वरच्या सभागृहानेही, 2020 च्या डिसेंबरात आपलं वेगळं विधेयक मंजूर केलं. दोन्हींचा मेळ बसायच्या आत मुदत संपली आणि सगळं बारगळलं. ओबामा झाले, ट्रम्प झाले, बायडेन झाले, परत ट्रम्प आले, आमची रांग तिथेच. राष्ट्राध्यक्ष एका सहीने घोळ मात्र घालू शकतो. गेल्या सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी नव्या एच-वन-बीवर 1 लाख डॉलर फी लावली, तेव्हा तू रात्रभर जागून फोन करत होतीस ना, ती सहीच होती. म्हणून मी 2028 पेक्षा येत्या 3 नोव्हेंबरकडे डोळे लावून बसलेय. प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या 435 जागा, आणि आमच्या आयोवाची सिनेटची जागाही मोकळी, जोनी अर्न्स्ट उभ्या नाहीत. मत मला नाही, पण शेजारणीला आहे, आणि तिचे कान मी रोज खाते.

नातवाबद्दल बाबा म्हणाले ते ऐकलं. तो इथे 2016 साली जन्मला, म्हणजे 2051 ला 35 पूर्ण, आणि पहिली संधी 2052 ची. सध्या तो वर्गाच्या मॉनिटरच्या निवडणुकीत पडलाय आणि मतमोजणीत घोटाळा झाला म्हणतोय. लक्षणं चांगली आहेत.

पुढच्या वर्षी, म्हणजे 2027 च्या जत्रेला तुम्ही दोघं इथे हवे आहात. तेव्हा सगळे घोडे आमच्या गावात असतील, बाबांना पारखून घेता येतील. बाबांच्या पासपोर्टची मुदत तपासा आणि तुमच्या व्हिसाच्या तारखेसाठी आत्तापासून खटपट सुरू करा, वेळ लागतो. आईच्या गुडघ्यासाठी व्हीलचेअरची सोय मी करते, उगाच नाही म्हणू नकोस. येताना मेतकूट आणि दाण्याची चटणी.

तुमची,
मनू