क्रूस तोच, निकाल वेगळे

संपादक महोदय,

धर्मस्वातंत्र्याचा खटला म्हटला की कोर्ट कुणाच्या धर्माच्या बाजूने, एवढीच चर्चा होते. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा निकाल त्यासाठी वाचण्याजोगा आहे. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन कर्मचारी नादिया एवेडा गळ्यातला छोटा क्रूस झाकायला तयार नव्हत्या. पगडी, हिजाब कंपनीला चालत होते, पुढे तिने क्रूसबंदीही उठवली. मग ‘कंपनीची प्रतिमा’ हे कारण टिकणार कसे? एवेडा जिंकल्या. त्याच निकालात नर्स शर्ली चॅप्लिन मात्र हरल्या. रुग्णाने साखळी ओढली, लोंबता क्रूस उघड्या जखमेला लागला तर? हा धोका रुग्णालयालाच जास्त कळणार, असे कोर्ट म्हणाले. हे मला पटते.

पटत नाही तो याच कोर्टाचा २०१४ चा फ्रान्सच्या बुरखाबंदीवरचा निकाल. सुरक्षेसाठी सरसकट बंदीची गरज नाही असे म्हणायचे आणि ‘एकत्र राहणे’, म्हणजे समाजात एकमेकांसमोर उघड्या चेहऱ्याने वावरणे, अशा मोघम कारणावर तोच कायदा उचलून धरायचा! दोन न्यायाधीशांनी नेमके या मोघमपणावर बोट ठेवून विरोधी मत नोंदवले, ते उगाच नाही.

– एक वाचक, ठाणे