आफ्रिकी कादंबरीत बायकाही लिहितात

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतला आफ्रिकी कादंबरीवरचा लेख वाचला. अचेबे, शोयिंका, न्गुगी या लेखकांवर मनापासून लिहिलं आहे. पण पानभर मजकुरात एकाही लेखिकेचं नाव नाही, याचं फार वाईट वाटलं. निदान नायजेरियाच्या बुची एमेचेटा (१९४४–२०१७) तरी सुटायला नको होत्या.

त्यांची 'द जॉइज ऑफ मदरहुड' ही कादंबरी १९७९ची. मूल होत नाही म्हणून पहिल्या नवऱ्याच्या घरातून माहेरी आलेली न्नू एगो लागोस शहरात गोऱ्या साहेबाचे कपडे धुणाऱ्या न्नाइफेला दिली जाते. तिथे पहिला मुलगा दगावतो, तेव्हा ती पुलावरून जीव द्यायला निघते. पुढे मुलं होतात, नवऱ्याला दुसऱ्या महायुद्धासाठी सक्तीनं फौजेत नेतात आणि सिगारेटी, काड्यापेट्या, जळाऊ लाकूड विकून संसार तीच ओढते. मुलगे शाळेत जातात, मुली आईच्या हाताखाली राबतात.

मुलगी योरुबा या दुसऱ्या जमातीच्या तरुणाबरोबर गेली म्हणून न्नाइफे कोयता घेऊन धावतो, त्याचा खटला उभा राहतो. वकील न्नू एगोला विचारतो, मुलाची फी कोण भरतं? नवरा, ती सांगते. खोदून विचारल्यावर म्हणते, पैसे माझे, पण मीच त्याच्या मालकीची, म्हणजे भरतो तोच! आमच्या वाचनमंडळात हा प्रसंग मी सांगितला, तर डबे पुरवणाऱ्या एक ताई पटकन म्हणाल्या, "आमचंसुद्धा बिलबुक ह्यांच्याच नावाचं आहे."

ही मागासलेल्या रूढींची गोष्ट आहे, असं म्हणून कुणी ती बाजूला सारू नये. गावात बाईला स्वतःची शेती होती, हाकेला माणसं होती. लागोसच्या एका खोलीत ते गेलं, पगार नवऱ्याच्या हातात आला. बाईची जुनी कर्तव्यं मात्र जशीच्या तशी राहिली. एमेचेटांचा रोख गोऱ्यांच्या राजवटीवर आहे तितकाच घरच्या पुरुषांवर, आणि मुलग्यांसाठी मुलींना मागे ठेवणाऱ्या आयांवरही. सवत अदाकू घर सोडते, लोकांची बोलणी खाते, पण स्वतःच्या मुलींना शाळेत घालते. मला ती न्नू एगोइतकीच मोलाची वाटते.

हे सगळं लेखिकेनं सोसलेलं होतं. लंडनमध्ये नवऱ्यानं त्यांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित जाळलं. पाच मुलांना घेऊन त्या बाहेर पडल्या, ग्रंथालयात नोकरी केली, समाजशास्त्राची पदवी घेतली आणि जळलेली कादंबरी पुन्हा लिहिली. 'द ब्राइड प्राइस' म्हणून ती १९७६ साली आली. जन्मभर पुस्तकं सांभाळलेल्या मला त्या जळलेल्या वहीची आठवण अजून अस्वस्थ करते.

पुरवणीत एमेचेटांवर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. त्यात नायजेरियाच्याच फ्लोरा न्वापा यांची कादंबरी 'एफुरू' (१९६६) आणि सेनेगलच्या लेखिका मारियामा बा यांनाही जागा मिळावी.

— एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा