तो गोल नशिबाचा नव्हता

संपादक साहेब, स. न. वि. वि.

महिलांच्या 2026 च्या फुटबॉल एशियन कपचा ड्रॉ निघाला आणि भारत थेट जपानच्या गटात गेला, ही बातमी तुमच्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात आली होती. बाजूला एक छोटी चौकट, त्यात जपानच्या मोमोको तानिकावाबद्दल दीड वाक्य, की हिने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलविरुद्ध शेवटच्या मिनिटाला लांबून नशिबाने गोल मारला होता. संपलं. त्या "नशिबाने"वरच मला लिहायचंय. पत्र मोठं होईल, कापायचं तर कापा, पण कापताना तेवढं मात्र ठेवा.

आधी तो गोल काय होता ते सांगते, कारण ज्याने ती चौकट लिहिली त्याने तो पाहिला असेल असं वाटत नाही. 28 जुलै 2024, पार्क दे प्रिन्सचं ग्राउंड, जपान पहिली मॅच स्पेनशी हरून आलेलं, समोर मार्ताचं ब्राझील आणि ब्राझील 1-0 ने पुढे. त्याआधी जपानची एक पेनल्टी ब्राझीलच्या गोलकीपरने, लोरेनाने, अडवलेली. नव्वद मिनिटं संपली, इंज्युरी टाइममध्ये दुसरी पेनल्टी मिळाली आणि ती मारायला आली कॅप्टन साकी कुमागाई, म्हणजे जिने 2011 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रँकफर्टला अमेरिकेविरुद्ध शेवटची पेनल्टी मारून जपानला कप जिंकून दिला होता तीच. तिने 1-1 केलं. आता कुठलीही टीम म्हणेल चला, एक पॉइंट तर एक पॉइंट, शिट्टी वाजू दे. तेवढ्यात ब्राझीलच्या बचावातून एक ढिसाळ बॉल आला, बदली म्हणून उतरलेल्या तानिकावाने तो थांबवला पण नाही, जिथे होती तिथूनच, तीसेक मीटरवरून, पहिल्याच टचला उचलून मारला आणि बॉल लोरेनाच्या डोक्यावरून जाळीत. थांबवून मारला असता तर गोलकीपर मागे पोचली असती, म्हणजे बॉल पायाशी येण्याआधीच गोलकीपर पुढे उभी आहे हे हिने बघून ठेवलेलं होतं. 19 वर्षांची पोरगी. आता ह्याला नशीब म्हणायचं असेल तर मग सचिनच्या स्ट्रेट ड्राइव्हला पण म्हणा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ही पोरगी आपल्याकडे खेळून गेलेली आहे! ऑक्टोबर 2022 मध्ये मुलींचा अंडर-17 वर्ल्ड कप भारतात झाला, भुवनेश्वर, नवी मुंबई आणि मडगाव. जपानचं बस्तान मडगावला, आपल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर होतं. टांझानियाला चार, कॅनडाला चार, फ्रान्सला दोन, आणि स्वतः एकही खाल्ला नाही. मग दिवाळीच्या तोंडावर, धनत्रयोदशीच्या दिवशी, क्वार्टर फायनल स्पेनशी. सावंतवाडीहून आम्ही काही जण गाडी करून गेलो होतो, वाटेत गावागावात नरकासुर बांधायचं काम चाललेलं, रस्त्यावरच कागद चिकटवत बसलेली पोरं, त्यामुळे पोचायला उशीर झाला तो वेगळाच. आम्ही बसलो होतो त्या बाजूला खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. जपानचा गोल हिनेच मारला, सतरा वर्षांची होती तेव्हा, आणि मॅच हातात आली असं वाटत असताना शेवटच्या काही मिनिटांत स्पेनच्या विकी लोपेझने दोन मारले आणि जपान घरी. स्पेनने पुढे तो कप जिंकला, नवी मुंबईत. मला त्या दिवशी ह्या दहा-बारा जपानी मुलींमधली एकच लक्षात राहिली ती ही, कारण बॉल डाव्या पायाला आला काय आणि उजव्या पायाला आला काय, हिला काही फरकच पडत नव्हता. आपल्याकडे मुलांना सांगत बसावं लागतं, अरे दुसरा पाय पण वापर.

तर सतरा ते एकोणीस, ह्या दोन वर्षांत काय झालं? मला वाटतं सगळी गोष्ट इथेच आहे आणि तुमच्या पेपरने हीच छापायला पाहिजे होती. ती शिकत होती जपान फुटबॉल असोसिएशनच्या अकादमीत, नाव जेएफए अकादमी फुकुशिमा. 2006 मध्ये सुरू झालेली, फ्रान्सच्या क्लेअरफोंतेन अकादमीचं बघून. राहायचं वसतिगृहात, शिकायचं गावातल्या साध्या शाळेत बाकी पोरांबरोबर, आणि शाळा सुटली की ग्राउंड. सातवीच्या आसपास आत घेतात ते शाळा संपेपर्यंत, म्हणजे सहा वर्षं सलग. 2011 च्या भूकंपानंतर अणुभट्टीचा जो घोळ झाला त्यात अकादमीचं जे-व्हिलेज नावाचं केंद्रच आपत्कालीन कामाला घेतलं गेलं, तर ह्यांनी काय केलं, बंद नाही केलं, सगळं उचलून शिझुओका प्रांतात गोतेंबाला नेलं. तानिकावा घडली ती तिथे. म्हणजे तेव्हा नाव फुकुशिमाचं आणि ग्राउंड दुसऱ्याच प्रांतात, पण एकाही बॅचची वर्षं फुकट गेली नाहीत.

शाळा संपता संपता, जानेवारी 2024 मध्ये, जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने तिला घेतलं. जपानच्या प्रोफेशनल लीगमध्ये एकही मॅच न खेळता डायरेक्ट! त्याआधी 2023 च्या हांगझोऊ एशियन गेम्सला जपानने जवळजवळ दुसरीच टीम पाठवली होती, त्यात ही होती आणि तिची अकादमीतलीच मैत्रीण तोको कोगा पण, ती तर हिच्याहून लहान, आणि त्या टीमने गोल्ड आणलं. बायर्नने पण शहाणपणा केला, घेतली आणि बेंचवर बसवून ठेवली असं नाही, लगेच स्वीडनला रोझेनगार्ड क्लबकडे लोनवर, म्हणजे उसनी दिली, तू वर्षभर खेळ. रोझेनगार्डने त्या वर्षी लीग जिंकली. मध्येच ऑलिम्पिक, मध्येच तो गोल. मग 2025 च्या सुरुवातीला म्युनिकला परत आणि त्या सीझनला बायर्नचं लीग पण आणि जर्मन कप पण. फेब्रुवारीत जपानने अमेरिकेत जाऊन अमेरिकेला हरवून तिथली शीबिलीव्ह्ज कप ही स्पर्धा पहिल्यांदा जिंकली, त्या टीममध्ये पण ही होतीच. 2025 मध्ये वय वीस.

जपानमध्ये सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाहीये हां. तिथली प्रोफेशनल महिला लीग, डब्ल्यूई लीग, सुरू झाली 2021 मध्ये, म्हणजे वर्ल्ड कप जिंकल्यावर दहा वर्षांनी. त्याआधी बऱ्याच जणी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी प्रॅक्टिस करायच्या. 2012 ला लंडन ऑलिम्पिकला जाताना ह्या वर्ल्ड चॅम्पियन बायका प्रीमियम इकॉनॉमीत आणि त्यांची ती अंडर-23 ची मुलं बिझनेस क्लासमध्ये, त्यावरून बराच गवगवा झाला, आणि सिल्व्हर मेडल घेतल्यावर येताना मात्र बिझनेस क्लास. म्हणजे वागणूक आपल्यासारखीच. आणि तानिकावासारखी पोरगी घरच्या लीगला वळसा घालून बाहेर जाते हे त्या लीगला काही भूषणावह नाही. पण बारा ते अठरा हा जो जिना आहे तो त्यांनी मोडू दिला नाही, बाकी काहीही होवो.

आता आपलं बघा. त्याच अंडर-17 वर्ल्ड कपला आपल्या मुली यजमान म्हणून खेळल्या, भुवनेश्वरला. अमेरिका 8, मोरोक्को 3, ब्राझील 5, आपला गोल शून्य. स्पर्धेच्या दोन महिने आधी फिफाने आपल्या फेडरेशनलाच सस्पेंड केलं होतं, ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवस पोरींना हेच माहीत नाही की वर्ल्ड कप इथे होणार की नाही. हरल्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. त्या मुली आज कुठे खेळतात हे तुमच्या पेपरने एकदा तरी छापलंय का? तानिकावाचं मी घरी बसून मोबाइलवर वाचू शकते, आपल्या पोरींचं शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. माझी भाची शाळेच्या टीममध्ये होती, चांगली खेळायची, दहावी आली आणि क्लासच्या टायमिंगमध्ये ग्राउंड बसेना, सुटलं ते सुटलं. शाळेने पण विचारलं नाही आणि खरं सांगायचं तर घरच्यांनी पण नाही. ज्या वयात ती जपानी पोरगी रोज संध्याकाळी ग्राउंडवर होती त्याच वयात आपली ट्यूशनला.

तरी सीनियर टीमने कमाल केली. 2022 च्या जानेवारीत एशियन कप आपल्याच नवी मुंबईत, पुण्यात असताना कोरोनामुळे टीमच उभी राहू शकली नाही आणि घरच्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. हांगझोऊला थायलंडशी हरलो. आणि त्याच थायलंडला जुलै 2025 मध्ये त्यांच्या घरात, चियांग माईला, 2-1 ने हरवलं, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, आणि क्वालिफायर खेळून पहिल्यांदाच एशियन कपला पोचलो. ही बातमी तुमच्याकडे कुठे होती? आयपीएल संपून महिना झाला होता, जागा नव्हती असं नाही.

मार्च 2026 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला भारत-जपान आहे. हरू, बहुतेक मोठ्या फरकाने हरू, त्याची तयारी आहे माझी. पण ह्याच स्पर्धेतून 2027 च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कपचे दरवाजे उघडतात, म्हणजे गटातल्या व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) विरुद्धच्या मॅच आपल्यासाठी खऱ्या. पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, मॅच काही मध्यरात्री नसणार, माणसं जागी असताना होणार. तर कृपा करून आदल्या दिवशी वेळ छापा, कुठल्या चॅनलवर की अॅपवर ते छापा, आणि भारताच्या टीममधल्या प्रत्येक मुलीचं नाव, गाव आणि सध्याचा क्लब असा तक्ता द्या. स्कोअर तर मोबाइलवर पण कळतो.

आपली,
एक वाचक, सावंतवाडी