बँड दिसला म्हणजे झालं?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि वेस्टर्न ब्लॉटचा, म्हणजे प्रथिनं वजनानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीचा, फोटो मिळाला. प्रथिनं ज्यावर उतरवतात तो अख्खा मेंब्रेन काळाकुट्ट, आणि खाली तुझा प्रश्न : "अँटिबॉडी बदलू का?" थांब जरा. ब्लॉकिंगला, म्हणजे मेंब्रेनची रिकामी जागा झाकायला, काय वापरलंस? दूध पावडरच ना? अरे, दुधातल्या केसिनला मुळातच फॉस्फेट लागलेलं असतं. तू शोधतोयस फॉस्फेट लागलेलं ईआरके (पेशीतला संदेश पुढे नेणारं प्रथिन), आणि मेंब्रेनभर थर दिलास तोही फॉस्फेटवाल्याच प्रथिनाचा! फॉस्फेट ओळखणाऱ्या काही फॉस्फो-अँटिबॉडीज त्यालाच जाऊन चिकटतात. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घेऊन बघ. मीही सुरुवातीला दूधच ओतायचो, स्वस्त म्हणून.

आणि पेशी फोडताना बर्फ सोडू नकोस. पेशी फुटली की आतली फॉस्फेटेज एन्झाइम्स मोकाट सुटतात आणि आपण जे मोजायला बसलोय ते फॉस्फेटच काढून टाकतात. टायरोसिन या अमिनो आम्लावरचं फॉस्फेट व्हॅनाडेट सांभाळतं, सेरिन-थ्रिओनिनवरचं फ्लोराइड. दोन्ही घाल.

आता माझा पेपर का रखडला ते. फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून लिहितोय. आम्ही एका काइनेजच्या, म्हणजे फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमच्या, मागे होतो. अँटिबॉडी सशाची, पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक जातींचं मिश्रण. बँड, म्हणजे प्रथिनाची काळी खूण, यायला हवा तिथेच, पट्टीने रेघ ओढल्यासारखा. त्या बँडवर मी आठ महिने आलेख काढले, दोनदा सेमिनारही दिलं. मग शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे त्याच काइनेजचं जनुक काढून टाकलेल्या नॉकआउट पेशी आल्या. सहज म्हणून शेवटच्या लेनमध्ये (नमुन्याच्या रांगेत) त्यांचा नमुना घातला. रात्री डार्करूममधून फिल्म ओलीच बाहेर आणली, दिव्यासमोर धरली. नॉकआउटच्या लेनमध्ये तोच बँड, तितकाच काळा. मेलेल्या माणसाच्या नावावर कुणीतरी दरमहा पेन्शन उचलतंय आणि आपण सह्या करतोय, तसं झालं. तेवढ्याच वजनाचं दुसरंच कुठलं तरी प्रथिन ती अँटिबॉडी धरत होती.

कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, तो लॉट संपला, नवा पाठवतो. नव्या लॉटमध्ये बँडच गायब! ससा बदलला की त्याच्या रक्तातलं मिश्रणही बदलणार, त्यात नवल काय. कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये हायब्रिडोमा, म्हणजे अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी यांचा संकर, काढून एकाच जातीची अँटिबॉडी हवी तितकी बनवायची वाट दाखवली, पण हायब्रिडोमाही कधी कधी जनुकं गमावून बसतात. मी आता जमेल तिथे रिकॉम्बिनंट (जनुकापासून बनवलेली) अँटिबॉडीच घेतो. तिचा क्रम लिहिलेला असतो, त्यामुळे पुढच्या वर्षीही तीच मिळते. खिशाला चाट बसते, पण आठ महिन्यांपेक्षा स्वस्तच.

टोनी हंटर या शास्त्रज्ञाचा किस्सा ऐकलायस का? १९७९ ची गोष्ट. ताजा बफर बनवायचा कंटाळा केला, जुनाच वापरला. त्याचा पीएच १.९ वरून १.७ वर उतरलेला. त्यामुळे विद्युतप्रवाहात एरवी एकत्र धावणारे फॉस्फोथ्रिओनिन आणि फॉस्फोटायरोसिन वेगळे पडले, आणि टायरोसिनलाही फॉस्फेट लागतं हे कळलं. त्याला आळस फळला. मला फक्त महागात पडला.

तुझ्या ईआरकेची परीक्षा त्या मानाने सोपी आहे. पेशींना रात्रभर सीरमविना ठेव, मग पाच मिनिटं ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) दे. ४४ आणि ४२ किलोडाल्टन वजनाला जोडबँड उजळला पाहिजे. दुसऱ्या डिशमध्ये ईजीएफच्या आधी यू०१२६ (ईआरकेला फॉस्फेट लागू न देणारं रसायन) घाल. तिथे तो विझला पाहिजे. त्या विझलेल्या लेनमध्येही एकूण ईआरके तेवढंच भरलं, तर अँटिबॉडी कामाची. आणखी खात्री हवी असेल तर एका लेनचा नमुना लॅम्डा फॉस्फेटेजमध्ये ठेवून चालव.

हे सगळं केलंस की ब्लॉटचा फोटो पाठव, पण पूर्ण. मागच्यासारखा वरखाली कापून नको. आणि बाटलीवरचा लॉट नंबर आजच वहीत उतरव, लेबलवरची शाई अल्कोहोलने पुसली जाते.

तुझाच,
बाकावरचा जुना सोबती