प्रवेशाआधी नॅकची श्रेणी आणि मुदत दोन्ही तपासा

सर्व पालक सभासदांना नमस्कार.

प्रवेश सुरू होताहेत. नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासून श्रेणी देणारी संस्था. कॉलेजच्या फलकावर 'नॅक मानांकित' एवढंच वाचून कृपया फी भरू नका. श्रेणी कोणती आणि ती कधीपर्यंत वैध आहे, हे नॅकच्या संकेतस्थळावर पाहा. मानांकन साधारणपणे 5 वर्षांसाठी असतं.

1994 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) स्थापन केलेल्या नॅकची पद्धत अशी: कॉलेज आधी स्वतःचा अहवाल देतं, मग बाहेरच्या तज्ज्ञांची समिती पाहणी करते. अध्यापन, संशोधन, सोयीसुविधा, विद्यार्थ्यांना मिळणारं साहाय्य असे सात निकष आहेत. श्रेणी पद्धतीत 4 पैकी किमान 3.51 गुणांना 'ए प्लस प्लस', 1.50 किंवा त्याहून कमी असतील तर मानांकनच नाही.

ही श्रेणी संपूर्ण कॉलेजची असते, एकेका शाखेची नाही. त्यामुळे इंजिनिअरिंगला त्या शाखेचं एनबीए (तांत्रिक अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारं मंडळ) मानांकन आहे का, हेही जरूर विचारा.

मुख्य म्हणजे, यूजीसीची बोगस विद्यापीठांची यादी सर्वांत आधी बघा. तिथली पदवी ना नोकरीला चालते, ना पुढच्या शिक्षणाला. मुलांची वर्षं जातात, याची खरोखर काळजी वाटते.

शंका असल्यास कॉलेजचं नाव गटावर टाका, मिळून तपासू.