वीस डॉलर आणि उरलेली कणीक

आदरणीय काकू,

नाव छापायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काकू. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ज्या छोट्या गावाच्या इतिहास-दालनात तुम्ही आठवड्यातून दोन दिवस बसता, त्याचंही नाव लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे हे मी ठरवलंय. दीड वर्ष ज्यांनी मला फिरवलं, त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात आलंच तर येऊ दे.

माझ्या प्रबंधाचं घोडं अडलं होतं एका पत्रापाशी. १८२० सालचं, कनेक्टिकटमधल्या भावाने ओहायोतल्या बहिणीला लिहिलेलं. तिच्या नवऱ्याने १८१६ मध्ये सरकारकडून १६० एकर जमीन उधारीवर घेतली होती. एकरी दोन डॉलर, म्हणजे एकूण ३२०. चार हप्त्यांपैकी ८० डॉलरचा शेवटचा हप्ता राहिला होता. मधे १८१९ ची मंदी आली. गव्हाला भाव नाही, बँका बुडतायत, परगावच्या बँकेने छापलेल्या नोटेवर बट्टा, आणि सरकारी जमीन-कचेरी ऐऱ्यागैऱ्या बँकेच्या नोटेला हात लावीना. त्यात एप्रिल १८२० मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, उधारीची विक्री बंद करणारा कायदा केला आणि नव्या गिऱ्हाइकाला भाव लावला सव्वा डॉलर. जुन्या देणेकऱ्याच्या मानेवर दोनचाच भाव. (पुढल्या वर्षी त्यांना सवलत मिळाली, पण या बहिणीला ते तेव्हा कुठे ठाऊक!) अशा वेळी भाऊ किती पाठवतोय, एवढंच मला हवं होतं. आणि नेमकं तिथेच पानाला भोक.

ज्यांच्याकडून पैसे मोजून स्कॅन घेतले, त्यांनी कळवलं, 'अवाच्य'. वर मेहेरबानी म्हणून एक टीप: पत्राच्या बाहेर ५० लिहिलंय, तेव्हा रक्कम पन्नास डॉलर असावी. मी मुकाट्याने तेच प्रबंधाच्या मसुद्यात घातलं. ज्यांनी तपासायचं त्यांनी समासात 'ठीक' लिहून पान उलटलं.

तुम्ही पहिल्याच फोनवर हसलात. "अगं, तो टपालखर्च आहे. चारशे मैलांपलीकडे एका कागदाला पंचवीस सेंट. आत आणखी एक कागद असला की दुप्पट. आणि द्यायचे बहुतेक घेणाऱ्यानेच, आपल्या बेअरिंग पत्रासारखे." म्हणजे आत दुसरा कागद होता! "नोट असणार," तुम्ही म्हणालात, "आणि भाऊ शहाणा असेल तर अर्धीच." जन्मभर बँकेत फाटक्या नोटा जुळवलेल्या बाईला हे सुचायचं. अर्धी नोट एका टपालाने, ती पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी दुसऱ्या टपालाने. वाटेत कुणी लांबवली तरी त्याच्या हाती नुसता कागद. आपल्याकडेही इंग्रजी अमलात नोटा अशाच कापून धाडत, हेही तुमच्याकडूनच कळलं. पत्रातलं 'उरलेला भाग तुझी पोच आल्यावर' हे वाक्य मी वीसदा तरी वाचलं असेल. मला वाटायचं, उरलेल्या बातम्या.

पण आभार याचे नाहीत, काकू. हुशार माणसं भेटतात. आभार त्या घडी घातलेल्या कागदाचे आहेत.

पंधरा दिवसांनी तुमचं टपाल आलं. आत नव्या फोटोंच्या प्रती, आणि त्यांच्यामध्ये एक साधा कागद. तिनदा दुमडलेला, एक टोक दुसऱ्यात खोचलेलं आणि कसल्याशा पांढऱ्या टिकलीने चिकटवलेलं. वर तुमच्या हातचं, 'घाईने उघड'. मी उघडला आणि टर्रकन फाटला. आत चार ओळी होत्या: 'त्या काळी लिफाफा वापरला तर तोही कागद म्हणून मोजायचे, म्हणून पत्रालाच घडी घालून बंद करत. चिकटवायच्या टिकल्या पिठाच्या असत. मी पोळ्या झाल्यावर उरलेली कणीक लावली आहे. आपल्याला पुरतील एवढे', आणि पुढे भोक. फाटलेला तुकडा गेला कुठे म्हणून मी टेबलाखाली वाकून शोधत होते. तो होता कागदाच्याच दुसऱ्या टोकाला, वाळलेल्या कणकेला चिकटलेला. त्यावर उलट्या अक्षरांत 'लाडू'.

मग तुमच्या फोटोंमधली पत्राची कड पाहिली. दोनशे वर्षांपूर्वी त्या बहिणीनेही घाईघाईने पत्र उघडलं होतं, आणि तिने फाडलेला तुकडा अजून तिथेच होता, नखाएवढा, डोकं खाली पाय वर. 'वीस'. मला विकलेल्या स्कॅनमध्ये ही कड कापून टाकलेली होती. कडेला मजकूर नसतो ना!

तुम्ही हे फोनवर दोन वाक्यांत सांगू शकला असतात. त्याऐवजी घडी कशी घालत ते शोधलंत, कणीक लावली, वाळायला ठेवली, पोस्टात गेलात. मी कुठल्या विद्यापीठाची, प्रबंध पुरा होणार की नाही, तुमचं नाव त्यात येणार का, काही विचारलं नाहीत. मागे एका मोठ्या अभ्यासकांनी माझी ईमेल न वाचता त्यांच्याच पुस्तकाची जाहिरात मला उलट पाठवली होती. माणुसकी पदव्यांवर मोजायची नसते म्हणतात. मी मोजत होते, कबूल करते.

मसुद्यातले पन्नास डॉलर खोडून वीस केलेत. ऐंशीच्या हप्त्याला वीस पुरे पडले का, उरलेली अर्धी नोट पोचली का, त्यासाठी तुम्ही काढून दिलेली दुसरी पेटी चाळतेय. प्रत्येक पत्राची कड आधी पाहते.

डिसेंबरात पुण्याला येताय ना? जेवायला आमच्याकडेच. पोळ्या मी करीन, कणीक थोडी जास्तच भिजवून ठेवते. लाडू तुमच्याकडे बाकी आहेत.

तुमची,
घाईने उघडणारी