शफल बंद करूनच ऐका

महोदय,

अमेरिकी रॅपर केंड्रिक लामारचा २०१२ सालचा ‘गुड किड, मॅड सिटी’ हा अल्बम सुटी गाणी निवडून ऐकला, तर त्यातली गोष्ट हाती लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन शहरातल्या एका पोराची ही कथा मधूनच सुरू होते. तिचे सांधे गाण्यांच्या शेवटी आहेत: आईवडिलांचे व्हॉइसमेल, मित्रांचे संवाद. म्हणून शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय) बंद ठेवावे आणि क्रॉसफेड (एक गाणे संपत असतानाच पुढचे सुरू करण्याची सोय) शून्यावर आणावा, नाहीतर हे संवाद पुढच्या गाण्याखाली दबतात. दहावे गाणे १२ मिनिटांचे आहे. ते अजिबात वगळू नये. त्यात ‘माझ्यावर गाणे कर’ म्हणणाऱ्या तरुणाचे वाक्य गोळ्यांच्या आवाजाने मध्येच तुटते. अल्बमच्या आरंभीची प्रार्थना इथेच पुन्हा येते आणि तिचा संदर्भ उलगडतो. डीलक्स, म्हणजे जादा गाण्यांच्या, आवृत्तीत बाराव्यानंतरची गाणी कथेबाहेरची आहेत, ती वेगळी ऐकावीत.

– एक वाचक